मेणात उभा करायचा तुकडा

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर माणसाच्या आतड्याचा तिळाएवढा तुकडा गरम मेणात उभा करायचा. उभाच. आडवा पडला की काम फुकट. हे वाक्य मी एकदा लग्नाच्या पंगतीत सांगून पाहिलं, तर शेजारच्या बाईंनी श्रीखंडाची वाटी हळूच बाजूला सरकवली. तेव्हापासून आईची ताकीद आहे, कुणी विचारलं तर "लॅबमध्ये असते" एवढंच म्हणायचं.

आमची लॅब अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला मिठाईच्या खोक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला मालिकांचे सेट रंगवणारी वखार. मधल्या गाळ्यात आम्ही. जवळच्या एका हॉस्पिटलातल्या पेशंटांवरचं संशोधन इथे चालतं. सहा वर्षं झाली मला. कामाचे अनुभव लिहायला डोक्यावर पांढरे केस लागतात असा माझा समज होता आणि माझे अजून काळे आहेत. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती पिकवून, गोड करून सांगण्यापेक्षा कच्ची असतानाच सांगितलेली बरी.

आधी आजार समजून घ्या. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतलं अस्तर सुजतं, सोलवटतं, त्यातून रक्त येतं. शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच घरात दगडफेक करते, असं समजा. तिखट खाल्ल्याने हा आजार होत नाही, कुणाच्या शापाने तर नाहीच. पेशंटला दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागतं आणि कळ आली की "पाच मिनिटं थांब" हे शब्द त्याच्या पोटाला कळत नाहीत. औषधं आहेत. ती सूज उतरवतात. पण सूज वारंवार आली-गेली की अस्तराखाली वण धरतो, गुडघा फुटल्यावर धरतो तसा. वणाची कातडी ताठ असते. आतडं हा मऊ, आकुंचन पावणारा अवयव. तो उन्हात राहिलेल्या रबरी पाइपासारखा होऊ लागला तर काय उपयोग? औषधाने सूज उतरली, पेशंटला बरं वाटलं, तरी खाली वण गुपचूप वाढतोय का, थांबलाय का, मागे हटतोय का, हा आमचा प्रश्न. याचं पूर्ण उत्तर आज आमच्याकडे नाही. आम्ही त्या उत्तरातला एक तीळ शोधतो.

तो तीळ दुर्बिणीच्या तपासणीत मिळतो. डॉक्टर अस्तराचे चार-पाच बारीक तुकडे काढतात. मी ते गाळणकागदावर ठेवते, औषधात मुरवते, मेणात बसवते, त्या मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप काढून काचेवर ठेवते आणि रंग देते. त्या रंगात वण निळा दिसतो. घाटकोपरच्या आमच्या वस्तीत निळ्या रंगावर सगळ्यांचं प्रेम. लॅबमध्ये मात्र काचेवर निळं कमी दिसावं म्हणून मी मनात प्रार्थना करते. प्रार्थनेवर विश्वास नसताना.

विश्वास कशावर, तर पत्रकांवर. बाबा छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका, आणि कामाची वेळ संपली की संघटनेची पत्रकं. आमच्या कॉटखाली गठ्ठे असत. मी अक्षरं शिकले ती "जाहीर निषेध" या दोन शब्दांवरून. शाळेतल्या निबंधाची सुरुवात मी "बंधू-भगिनींनो" अशी केली होती. त्यामुळे नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी पेशंटांचं संमतीपत्र बदलायला घेतलं. जुन्या संमतीपत्राची भाषा अशी, की सही करणाऱ्याला आपण घर विकतोय की रक्त देतोय ते कळू नये. मी ते पुन्हा लिहून आमच्या मुख्य डॉक्टरांना, म्हणजे सरांना, दिलं.

सरांनी चष्मा वर केला. "हे संमतीपत्र आहे की मोर्चाचं आमंत्रण?"

"लोकांना कळायला हवं ना, सर."

"कळेल गं. पण 'तुमचं आतडं, तुमचा हक्क!' हे कशाला?" त्यांनी लाल पेनाने सात उद्गारचिन्हं खोडली. मात्र "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही" हे वाक्य त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत वर नेऊन ठेवलं. सर वाईट माणूस नव्हेत, हे तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं मी.

आमची जागा छोटी, माणसं कमी. म्हणून लॅबमध्ये तुकडे सांभाळणं आणि हॉस्पिटलात पेशंटांजवळ बसून त्यांच्या वह्या भरणं, दोन्ही माझ्याकडेच. दिवसातून किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, हे पेशंटने रोज लिहायचं असतं. या वह्यांमुळे मला माणसं भेटली. मुलुंडचे सावंतकाका रिक्षा चालवतात. त्यांनी मुलुंड ते अंधेरी वाटेवरच्या प्रत्येक संडासाची यादी केली होती. कुठे पाणी असतं, कुठली कडी तुटकी, कुठल्या पेट्रोल पंपावरचा माणूस हसून चावी देतो. "माका सगळे ठावक आसत गो," ते अभिमानाने म्हणायचे. त्या यादीच्या झेरॉक्स आम्ही नव्या पेशंटांना वाटतो. आमच्या विभागातून बाहेर पडलेलं सगळ्यात उपयोगी लिखाण कुठलं विचाराल, तर ते.

आणि चांगुणामावशी.

चांगुणामावशी वेसाव्याच्या कोळीण. साठीच्या आसपास, हातात हिरव्या बांगड्या. चाळीस वर्षं त्या अंधेरीतल्या एका बाजारात मासे विकतात. बोलणं अस्सल वेसाव्याचं, तिथे तुकड्याचा तुकरा होतो आणि माशाला म्हावरा म्हणतात. लिहिता येत नाही, म्हणून वही घेणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, नातीकडून लिहून घ्या. त्या उसळल्या. "नातीला सांगू, आज्जी सात वेला गेली? शरम हाय का नाय तुला?"

पुढच्या भेटीला त्यांनी टोपलीतून सात छोट्या पिशव्या काढून माझ्या टेबलावर मांडल्या. एका दिवसाची एक. आत किनाऱ्यावरच्या शिंपल्या. जितक्या वेळा गेल्या, तितक्या शिंपल्या. काहींवर लाल नेलपॉलिश.

"लाल म्हंजे रक्त," त्या म्हणाल्या. "नातीच्या बाटलीतला लावला. तिला सांगितलं, खेल करतंय."

मी शिंपल्या मोजून वहीत उतरवल्या. पहिल्या आठवड्यात टेबल लाल झालं होतं.

मावशींची खरी अडचण बाजारात होती. तिथे बायकांसाठी संडास नव्हता. तरुणपणी त्या दिवसभर पाणी न पिता बसायच्या. या आजाराने ती युक्ती संपवली. कळ आली की शेजारणीच्या भरवशावर पाट्या टाकून पळायचं. दोनदा पोचता आलं नाही. हे त्यांनी मला सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, बांगड्या चाचपत राहिल्या. त्यानंतर त्या तीन महिने बाजारातच गेल्या नव्हत्या. मावशी बाजारात नाहीत म्हणजे काय, ते त्यांची जाऊ मला म्हणाली होती: घरात दिवा आहे पण पेटवलेला नाही.

आमच्या अभ्यासात त्यांना दर दोन महिन्यांनी शिरेतून औषध मिळू लागलं. बाहेर ते त्यांना परवडणारं नव्हतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात पिशव्या हलक्या झाल्या. लाल शिंपल्या दिसेनाशा झाल्या. एका भेटीला त्या आल्या त्या थेट बाजारातून, अंगाला माशांचा वास, केसात अबोलीची वेणी. मला म्हणाल्या, "बसलू गो बाय. माझ्या जाग्यावर बसलू."

मला इतका आनंद झाला की मी तो पत्रकात ओतला. "बाजारात बसणाऱ्या आयाबहिणींना संडास का नाही?" बाबांच्या जुन्या मालकांनी अर्ध्या दिवसात छापून दिलं. हजार प्रती. एका बुधवारी दुपारी चार वाजता बाजाराच्या तोंडाशी वाटप ठरलं. सोमवारीच मावशींची वर्षानंतरची दुर्बिणीची तपासणी झाली होती आणि औषधात मुरलेले त्यांचे तुकडे दुसऱ्या चार जणांच्या तुकड्यांसोबत त्या बुधवारी लॅबमधल्या माझ्या टेबलावर होते. मी ते मेणात बसवले, ट्रे थंड करायला ठेवला, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि पळाले. वाटप झकास झालं. मावशींनी तर युक्तीच केली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा जवळा पत्रकात बांधून दिला. "हातात दिला तर फेकतात," म्हणाल्या. "म्हावऱ्याबरोबर घरात जायल."

आमच्याकडे काचांचं पहिलं वाचन मी करायची आणि अखेरचं परेरा मॅडम. मॅडम मरोळच्या गावठाणातल्या, तीस वर्षं याच कामात. वण शून्य ते तीन अशा पायऱ्यांत लिहायचा आणि मॅडमची सही होईपर्यंत तो आकडा कुणीही वापरायचा नाही, हा नियम. त्या आठवड्यात मॅडम भाचीच्या लग्नाला वसईला होत्या. आणि सरांना पुढचं औषध कुणाला चालू ठेवायचं त्याची यादी तातडीने द्यायची होती. औषध मोजकंच होतं, आत वण वाढत असेल त्याचं थांबवून दुसऱ्याला द्यायचं ठरलेलं होतं. सरांनी माझा कच्चा कागद मागितला. मी दिला. काचांवर फक्त क्रमांक असतात, पण गाळणकागदावर ते क्रमांक मीच लिहिते. मावशींचा क्रमांक मला पाठ होता. गेल्या वर्षी त्यापुढे एक होता. या वर्षी मी तीन लिहिला होता. काचेवर निळ्याचा जाड पट्टा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

शुक्रवारी सरांनी हॉस्पिटलात मावशींना समोर बसवून सांगितलं. शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, हे मी आज कबूल करते.

"मावशी, तुम्हाला बाहेरून बरं वाटतंय. पण आत वण वाढतोय. हे औषध आपल्याला थांबवावं लागेल. एकदा सर्जनना भेटून घ्या."

"पन शिंपल्या कमी झाल्यात ना, डाक्टर? हिला विचारा."

"हो. पण तपासणीत वेगळं दिसतंय."

"सर्जन म्हंजे कापनार?"

सरांनी समजावलं. मोठं आतडं काढावं लागलंच तर निदान काही काळ पोटावर पिशवी असते. पुष्कळ माणसं तशी नीट जगतात, कामं करतात. ते खरंच आहे. अशा शस्त्रक्रियेने वाचलेली माणसं मी रोज पाहते. पण मावशींनी टोपलीचा काठ धरला आणि म्हणाल्या, "गिराईक म्हावऱ्याचा वास घ्याला येतं, डाक्टर. माझा नाय."

सरांनी सर्जनसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. आणि माझ्या डोक्यात मथळा तयार झाला: गरिबाचं औषध बंद! जाब विचारा! राग कुणावर? सरांवर, यादीवर, औषध मोजकं बनवणाऱ्या जगावर. बाहेर आल्यावर मी मावशींचा हात धरला.

"चला. तुमचं आतडं कशावरून खराब ठरवलं ते तुम्ही स्वतः बघायचं. हक्क आहे तुमचा."

"मना काय कलनार त्यात?"

"मी समजावते ना."

पेशंटला परवानगीशिवाय लॅबमध्ये आणायचं नाही, हाही नियम होता. मी तो मोडला आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला.

मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यासमोर मी त्यांना स्टुलावर बसवलं. आधी गेल्या वर्षीची काच लावली. आतड्याच्या अस्तरात बारीक नळ्या असतात, एकीला लागून एक, उभ्या. त्यांच्या मुळाशी निळी रेघ.

"हे तुमचं अस्तर, मावशी. खालचं निळं दिसतंय तो वण."

"हे माझं?" त्या पुढे झुकल्या. "आगो! बोंबील सुकत टाकल्यागत दिसतंय. वलांडीवर. कसे एका रांगंत लटकलेत."

मला हसू आलं. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील असेच ओळीने वाळत असतात. मग मी या वर्षीची काच लावली. पडदा निळा झाला.

"आणि हा या वर्षीचा. बघा, केवढा वाढलाय."

मावशींनी डोकं एका बाजूला कलंडवलं, मग दुसऱ्या. बाजारात पापलेट उलटंपालटं करून बघतात तसं.

"ह्यात बोंबील कुटं गेले?"

"आहेत की. या गोल गोल दिसतात ना, त्याच नळ्या."

"त्या उभ्या होत्या. आता नुसतीच तोंडं दिसतान." त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "तुकरा तिरका कापलाय गो."

"नाही मावशी, ते मशीन असतं. ते सरळच कापतं."

"सुरी सरल असल. म्हावरा वाकरा ठेवला तर?" त्या माझ्याकडे वळल्या, नवख्या सुनेला समजावतात तशा. "सुरमय सरल कापली का कातडीची रेघ बारीक येतं. तिरकी कापली का तीच कातडी दोन बोटं रुंद दिसतं. नवीन गिराईक म्हनतं, मावशी, जाड कातडीची का दिलीस? कातडी तीच रं बाबा. हात तिरका झाला माझा."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

उभा तुकडा उभा कापला तर नळ्या उभ्या दिसतात आणि खालची रेघ आहे तेवढीच दिसते. आडवा पडलेला तुकडा कापला तर नळ्यांच्या गोल बांगड्या दिसतात आणि पातळ रेघ पसरून जाड पट्टा होते. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. नव्या मुलींना ते मी शिकवते. गोल बांगड्या दिसल्या की निळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, काच बाद करायची. मी बांगड्या पाहिल्याच नव्हत्या. निळं पाहिलं होतं, आणि घाबरले होते.

आणि तुकडा आडवा कुणी ठेवला? मला तो बुधवार आठवला. भिंगाखाली धरून, बाजू ओळखून, चिमट्याने उभा करून, मेण जरा गोठेपर्यंत धरून ठेवायचा. एकेका तुकड्याला वेळ लागतो. त्या दिवशी घड्याळात साडेतीन वाजले होते आणि दाराशी पत्रकांचा गठ्ठा होता.

"मावशी," मी म्हटलं, "हा तुकडा मी आडवा ठेवला."

"कवा?"

"पत्रकं वाटायची होती त्या दिवशी. घाईत."

"कंची पत्रकं?"

"तुमच्या बाजारात संडास पाहिजे, ती."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. ओरडतील असं वाटलं. ओरडायला हवं होतं. त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता हात वर करून उठल्या, "कुटं हाय गो?" विचारून पळाल्या. परत आल्यावर एक बोट दाखवून म्हणाल्या, "एक शिंपली लिव आजची."

मी रडत होते. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. पदराला सुकटीचा वास होता.

परेरा मॅडमना फोन लावला तेव्हा मागे बँड वाजत होता. मी सगळं सांगितलं.

"उरलेला तुकडा किती आहे?"

"थोडा आहे, मॅडम."

"वडीला हात लावू नको. उद्या येते."

शनिवारी त्या आल्या, एका हातात लग्नातल्या फुग्यांचा डबा. फुगे म्हणजे त्यांच्याकडे लग्नात करतात ते तळलेल्या पिठाचे गोल पाव. डबा टेबलावर आपटून त्यांनी आधी काच पाहिली. एक नजर पुरली. "बांगड्या," म्हणाल्या. मग मला: "तुझं असं आहे ना, आख्ख्या जगाला न्याय द्यायचा असतो तुला. एका तिळाला द्यायला वेळ नाही."

मी मेणाची वडी त्यांच्यापुढे ठेवली.

उपाय एकच होता. मेण वितळवायचं, उरलेले तुकडे बाहेर काढायचे आणि पुन्हा उभे करायचे. पण काप काढताना पुष्कळसा भाग गेला होता. उरलेला चुरला किंवा हरवला तर मावशींना पुन्हा दुर्बिणीला सामोरं जावं लागलं असतं, आणि तोवर यादी गेली असती. निर्णय त्यांचा होता. त्या सकाळीच येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"परत ती दुर्बीन? नको गो माय. हाय त्यात बघ."

"मॅडम करतील. त्यांचा हात चांगला आहे."

"तू कर."

"मावशी, माझ्याकडूनच तर..."

"म्हनून तू कर. तुला आता कललाय. दुसरीला कुटं शिकवीत बसू?"

आत आले. मॅडमही बाजूला सरकल्या आणि खुर्ची दाखवली. "भिंगातून बघ," त्या म्हणाल्या. "श्वास धर. घाई करू नको, आज मोर्चा नाहीये."

मेण वितळलं. चार तुकड्यांपैकी एक जवळजवळ संपला होता. एक चिमट्याला लागताच फुटला. दोन उरले. भिंगाखाली मी पहिला हळूच वळवला. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. पापलेटाची पाठ आणि पोट ओळखावं तशी मी बाजू ओळखली. उभा केला. मेण दुधी होऊ लागेपर्यंत धरून ठेवला. मग दुसरा. बाहेरून मावशींच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मला वाटतं त्या जपमाळ ओढावी तशा बांगड्या फिरवत होत्या.

काप काढले, रंग दिला. मॅडमनी ती काच दुसऱ्या दहा काचांत मिसळायला लावली आणि क्रमांकांवर कागद चिकटवायला लावले. "मला कुठली ते सांगू नको. माझ्याही मनात आता मावशी बसलीय." सोमवारी त्यांनी अकरा काचा वाचल्या. मी त्यांच्या पेनाकडे बघत उभी होते. मावशींच्या काचेपुढे त्यांनी एक लिहिला.

एक. गेल्या वर्षी होता तेवढाच. वण कमी झाला नव्हता, हे नीट सांगते, कारण अशा गोष्टींत चमत्कार घुसडायचा मोह होतो. तो वाढला नव्हता, एवढंच. पण तेवढ्यावर औषध चालू राहणार होतं.

सरांना मी पत्र लिहिलं. तीन ओळी. तुकडा मी आडवा बसवला, काच बाद करण्यासारखी असताना वाचली, आणि पेशंटला परवानगीशिवाय लॅबमध्ये नेलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"यात एकही उद्गारचिन्ह नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी पेन काढला आणि खाली चौथी ओळ लिहिली: मॅडमची सही नसताना मी निर्णय सांगितला. त्याखाली स्वतःची सही केली. मग वर न बघता म्हणाले, "तुझे वर्षभरातले सगळे तुकडे पुन्हा तपासायचे. तीन महिने वाचन बंद." मला ते योग्यच वाटलं. तपासताना आणखी दोन तुकडे तिरके सापडले. त्या दोघांच्या उपचारात सुदैवाने काही बदललं नव्हतं. पण ते दोघं कोण, हे मला माहीत आहे. ते भेटले की मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलते, आणि दर वेळी आतून काहीतरी टोचतं. दोघांनाही मी सांगितलं आहे. एकाने "ठीक आहे मॅडम" म्हटलं, एक अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्यांचं.

पत्रकं मी सोडलेली नाहीत. बाजारातला संडास अजून झालेला नाही, त्यामुळे दुसरं पत्रक छापलंय, मथळा आणखी मोठा आहे. पण आता वाटप फक्त रविवारी. सर्वांच्या वतीने बोलताना ज्याच्या वतीने बोलतोय तोच माणूस हातातून निसटतो, हे मला कुठल्याही गठ्ठ्यात वाचायला मिळालं नव्हतं.

गेल्या महिन्यात मावशींची पुढची तपासणी झाली. आदल्या आठवड्याच्या सात पिशव्या त्यांनी टेबलावर मांडल्या. त्यातल्या चार पिशव्यांत दोन-दोन शिंपल्या, दोन पिशव्यांत एक-एक. सातवी रिकामी. मला वाटलं विसरल्या. "सांडली का, मावशी?"

"नाय गो. त्या दिशी गेलूच नाय." आणि लाजल्या, नव्या नवरीसारख्या.

मग दुर्बिणीच्या खोलीत त्यांना ट्रॉलीवर घेतलं. मी उशाशी गाळणकागद आणि बाटल्या मांडत होते. गुंगीचं इंजेक्शन टोचायच्या आधी त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड माशाच्या सुरीवर चाळीस वर्षं घट्ट झालेली.

"आज पत्रकं-बित्रकं नाय ना गो?"

"नाही मावशी."

"नक्की?"

"आज गुरुवार आहे."

"मग उभा कर," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.